डब्याची ऊब

२१ नोव्हेंबर २०२४

प्रशांत,

आईचा जयभीम. तू फोन उचलत नाहीस. रिंग वाजून वाजून बंद होते, तेव्हा मला वाटतं की तू समोर बसून नुसता फोनकडे बघत असशील. म्हणून पत्र लिहिते. अंगणवाडीत असताना अहवाल लिहून लिहून हात दुखायचा, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती.

आधी तुला बरं वाटेल ते सांगते. तू आणलेलं मशीन, डब्याच्या जागी गिटारला जोडायचं ते, अण्णांनी वापरायला घेतलं. तू गेल्यावर बरेच दिवस ते खोक्यातच होतं. मग आपल्या गाण्याच्या पार्टीचा राळेगणचा कार्यक्रम आला. टेम्पोत गिटारचा डबा, तो व्हॉल्वचा जुना अॅम्प्लिफायर, चढवायला अण्णा वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. गहिनीनाथकाकांनी त्यांना धरून ओट्यावर बसवलं, डबा परत आत नेऊन ठेवला आणि तुझं मशीन पिशवीत घालून स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "भावजी, मग ढोलकी कुठं ठेवणार?" तर म्हणाले, "ढोलकीचं मला कळतं, वहिनी. ह्ये कशानं बिघडतं त्येच ठावं न्हाई, म्हून जवळ धरलंय."

राळेगणला मशीन चांगलं वाजलं. खरं सांगते, फार चांगलं वाजलं. साउंडवाल्याने एक वायर जोडली आणि झालं. डब्यापुढे माइक लावा, कुणाचा पाय लागला की परत लावा, जनरेटरवर घरघर, व्होल्टेज पडलं की आवाज बसला, यातलं काही नाही. डब्याचे व्हॉल्व तापेपर्यंत मला लोकांपुढे काहीतरी बोलत राहावं लागायचं, तेही वाचलं. मी गायला सुरुवात केली आणि मागून तोच आवाज आला, ज्याच्यावर मी लग्नापासून गात आले. मी दोनदा मान वळवून बघितलं, की डबा खरंच आणलाय की काय.

परतताना अण्णांना विचारलं, कसं वाटलं. त्यांनी पिशवीतल्या मशीनवर बोट वाजवलं. मग म्हणाले, "आवाज त्योच हाय. पन डबा कसा, तार जोरात छेडली की जरा मागं सरतो, मग पुढं येतो. मानसावानी. ह्ये सरत न्हाई."

तू निघून गेलास त्या दिवसाचं मला बोलायचं नव्हतं, पण बोलते. तू डब्यापुढे माइक ठेवलास, मशीनमधून डब्यात ते सूं-सूं, खर्रखर्र आवाज सोडलेस आणि म्हणालास, "अण्णा, आता तुम्ही वाजवा, म्हणजे मशीन डब्याचा आवाज शिकेल." ते हौसेने दुपारभर वाजवत बसले. मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंस. एकदा डबा, एकदा मशीन. आई, यातला डबा कुठला? मी मशीनला डबा म्हटलं. मी तुझी बाजू घेतली नव्हती आणि अण्णांचीही नाही. कानाला वाटलं ते सांगितलं. तू हसलास आणि म्हणालास, आता हे लोखंड भंगारात घाला. पंचविशीत असताना अण्णांनी भिंगारच्या लष्करी कॅम्पातल्या मेसच्या लिलावात तो डबा घेतला. त्याच मेसमध्ये ते भांडी घासायचे आणि बँडवाल्याकडून चोरून गिटार शिकायचे. "आधी मला घाल," असं ते म्हणाले ते त्यामुळे. तू पिशवी उचललीस. मी चहा टाकला होता.

बाकी घरी ठीक आहे. पठारावर थंडी चांगली पडली आहे. मांजर यंदा चुलीपाशी झोपत नाही, डब्यावर झोपतं.

तुझी आई

२९ डिसेंबर

प्रशांत,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी अर्धी लिहिली. तुला हसू येईल असं वाटलं होतं. आता पूर्ण लिहिते.

मांजर डब्यावर झोपतं कारण डबा गरम असतो.

आधी मला वाटलं की मांजराचीच ऊब आहे. मग एकदा मांजर बाहेर असताना झाडू मारताना हात लागला. चुलीवरून उतरवलेला तवा थोड्या वेळाने जसा लागतो, तसा डबा लागला. वायर हँडलला गुंडाळलेली होती आणि पिन माझ्या डोळ्यांपुढे लोंबत होती. त्या दिवशी सकाळपासून गावात लाइटही नव्हती. मी मागच्या जाळीतून आत बघितलं, तर व्हॉल्वच्या पोटात उदबत्तीच्या टोकाएवढं लाल दिसलं.

अण्णांना बोलावलं. त्यांनी तळहात ठेवला, काढला, परत ठेवला. "उन्हानं तापलं आसंल," म्हणाले. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

मग मी पारनेरहून सूर्यभान रेडिओवाल्याला बोलावून आणलं. तुला तो आठवत असेल. हल्ली मोबाइलचे कव्हर विकतो, पण आपल्या डब्याचं काम अजून तोच करतो. उन्हाळ्यात त्यानेच कुठून कुठून मागवून नवे व्हॉल्व बसवले होते. त्याने मागची पट्टी काढली आणि व्हॉल्व फडक्यात धरून उजेडाकडे केला. आतून काच काळी पडली होती.

"वहिनी, ह्यो डबा कुणाला भाड्यानं देता का?"

"नाही. अण्णांची कंबर गेल्यापासून हा चालूच केला नाही."

"मग ह्ये कसं? ह्ये रोज वाजल्याशिवाय व्हत न्हाई. दिसभर वाजल्याशिवाय."

मी त्याला म्हटलं, हात लावून बघ. त्याने लावला. हातात पान्हा होता, तो खाली ठेवून पुन्हा लावला. मग हात पँटला पुसला, जसं काही चिकटलंय. चहा झाला होता तरी थांबला नाही. पट्टीचे स्क्रू मीच बसवले.

आता मला तुला विचारायचं आहे. तू डब्याचा आवाज आपल्या मशीनशिवाय आणखी कुठे दिलास का? गहिनीनाथकाकांनी मोबाइलवर तुझं पान शोधून दाखवलं. त्यावर डब्याचा फोटो आहे, बाजूला अण्णांचा हात आहे आणि नाव दिलंय 'अण्णांचा डबा'. कुणीही आपल्या मशीनमध्ये उतरवून घ्यावा असा. खाली कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहिलंय. काकांच्या मुलीने वाचून सांगितलं, की लोक म्हणतात असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. मला आधी फार अभिमान वाटला. अण्णांनाही दाखवलं. ते फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "माझा हात बी दिला का त्यानं?"

तू त्यांच्यासाठीच केलंस, हे मला कळतं. तुला वाटलं असेल, अण्णा काय कायमचे राहणार नाहीत, आवाज तरी राहावा. पण तारखा बघितल्या, तर तू तो आवाज टाकलास आणि इकडे मांजराने चूल सोडली, हे एकाच सुमाराचं आहे. मी काही म्हणत नाही. फक्त सांगते.

आई

९ फेब्रुवारी २०२५

प्रशांत,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. "आई, जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असं होऊ शकतं" असं लिहिलंस. लिहिलंस हेच खूप झालं. पण ट्रान्सफॉर्मर गाणं शिकतो का, ते कळव.

मी दुपारी दारात बसून हरभऱ्याची डाळ निवडत होते. लाइट नव्हती. समोरच्या पठारावरच्या पवनचक्क्याही उभ्या होत्या, वाराच नव्हता. घरातून बारीक आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणाचा मोबाइल वाजावा तसा. गिटार होती. मला वाटलं, अण्णा वाजवतात. पण अण्णा ओट्यावर दाढी करत होते.

आवाज डब्यातून येत होता. कान लावावा लागला इतका बारीक. कुणीतरी शिकत होतं. एक चाल, आपल्याकडची नव्हे. चांगली सुरू व्हायची, वर चढायची आणि एका जागी बोट चुकायचं. थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. मी डाळीचं सूप मांडीवर घेऊन तिथेच बसले. माझ्याच अंगणवाडीतलं पोर पाटीवर एकच अक्षर गिरवतंय असं वाटत होतं. मला भीती वाटली नाही, हे तुला खरं सांगते. भीती नंतर वाटली, अण्णा आत आले तेव्हा.

ते दचकले नाहीत. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. म्हणाले, "आज लवकर बसलंय."

"कोण?"

"त्ये चुकणारं. येरवी तिसऱ्या पारी बसतं."

त्यांना महिन्यापासून ऐकू येत होतं, प्रशांत. मला सांगितलं नाही. म्हणाले, "मला वाटलं माझ्याच डोस्क्यात हाय. आता तुला बी ऐकू आलं म्हंजी बरं झालं." मग मला एकेकाची ओळख करून दिली, वस्तीवरल्या माणसांची द्यावी तशी. एक रागीट आहे, तो तारा तोडायला बसल्यासारखा वाजवतो. एक आहे तो एकच तार छेडतो आणि ती विरेपर्यंत थांबतो. अण्णा म्हणतात, तो म्हातारा असणार किंवा आजारी. एका घरात लहान मूल आहे, कारण वाजवणं मध्येच थांबतं आणि परत हलक्या हाताने सुरू होतं.

गहिनीनाथकाकांना बसवून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मला नुसतं घूं येतंय." पण त्यानंतर ते आत येऊन बसत नाहीत, ओट्यावरूनच बोलतात.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण अण्णांनी आता आपली खुर्ची डब्याजवळ नेली आहे. जेवायला तीनदा बोलवावं लागतं. डबा वाजत असला की त्यांची बोटं मांडीवर चालतात, झोपेतही चालतात. मी हात धरून बघितला, तर बोटांची टोकं डब्यासारखीच गरम. दोन बोटांवर फोड आले आहेत आणि गिटारला तर त्यांनी आठवडाभर हात लावलेला नाही.

तू तो आवाज तिथून काढून टाक. मला तुझ्यावर राग नाही. कसा टाकलास तसाच काढ.

आई

१६ एप्रिल

प्रशांत,

तू फोन केलास ते बरं झालं, नाहीतर हे पत्र मी कशा भाषेत लिहिलं असतं कुणास ठाऊक. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. अण्णा शेजारीच बसले होते.

जयंतीला आपली पार्टी नगरला होती. मोठं स्टेज, चांगला साउंड, गर्दी बघून मला फार दिवसांनी उमेद आली. अण्णा मशीन घेऊन बसले. पहिली दोन गाणी इतकी सुरेख झाली की साउंडवाला माझ्याकडे बघून मान हलवत होता. तिसरं आपलं नेहमीचं, तुला पाळण्यात ऐकवलेलं. मी अंतरा उचलला आणि मागून भलतीच चाल आली.

ती चुकणाऱ्याचीच चाल. पण या वेळी पूर्ण आवाजात, हजार माणसांपुढे. माझी ओळ अर्धी राहिली. गहिनीनाथकाकांनी दोन थापा मारून बघितल्या आणि हात थांबवला. अण्णा मान खाली घालून वाजवत होते. चाल वर चढली आणि त्या जागी आली. तिथे बोट चुकलं. अण्णांचं बोट, प्रशांत. ज्याचं बोट मी जन्मात चुकलेलं पाहिलं नाही. ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

लोकांना वाटलं काहीतरी नवीन आहे. टाळ्या वाजल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनतीनदा हाक मारली. ते लांबून चालत आल्यासारखे आले. डोळे आधी आले, मग ते आले.

टेम्पोत विचारलं, "काय वाजवलंत?"

"आपलंच गानं की."

"नाही."

मग म्हणाले, "चुकलं का? आमचं त्या जाग्याला नेहमीच चुकतं."

आमचं म्हणाले. मी तुझ्या अण्णांबरोबर संसार केलाय, ते नेहमी 'मी' म्हणायचे. 'मी केलं, मी निस्तरतो.' 'आमचं' म्हटल्यावर मी त्यांचा हात धरला, तो सुप्यापर्यंत सोडला नाही.

फोनवर तू म्हणालास, "आई, तुला बरं नाही का?" मला बरं आहे. तू पुढे म्हणालास, की आवाज काढला तर जवळजवळ सगळ्यांच्या मशीनमधून जाईल. फक्त कुणी वेगळा साठवून ठेवला असेल, तर त्याला आपला इलाज नाही. तेवढं चालेल. तू "काढतो" म्हणालास, त्यावर मी विसंबून आहे. अण्णांना सांगितलेलं नाही.

आई

२१ मे

प्रशांत,

हे पत्र गहिनीनाथकाका स्वतः एसटीने घेऊन येत आहेत. फोनवर हे अण्णांपुढे बोलता येत नाही आणि पोस्टाने चार दिवस लागले असते. त्यांना आधी पाणी दे आणि मग वाच.

तू आवाज काढलास ते आम्हाला तू कळवायच्या आधी कळलं. सकाळी मांजर डब्यावर चढलं, गोल फिरलं आणि उतरून गेलं. मी हात लावला, डबा गार. आत लाल नाही. दुपारी आवाज नाही. मी त्या दिवशी पुरणपोळी केली, कारण काही सांगितलं नाही. अण्णा खुर्चीत बसून होते. डब्याकडे बघून म्हणाले, "आज कुनीच बसलं न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. नंतर म्हणायचे थांबले.

गावात सध्या बाहेर पाय ठेववत नाही इतकं ऊन आहे. पत्रा तापून घरात भट्टी होते. आणि अण्णा गोधडी पांघरून बसतात. त्यांचे हात माठाला लावल्यासारखे गार आहेत. मी चोळते, तेवढ्यापुरते बरे होतात. नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त, छाती, डोकं, सगळं तपासलं. डॉक्टर चांगला होता, वेळ देऊन बोलला. सगळे रिपोर्ट चांगले आहेत, वयाच्या मानाने उत्तम, असं म्हणाला. हात त्याने धरला तेव्हा मात्र नर्सला विचारलं, "एसी किती वर आहे?"

परवा मी गिटार त्यांच्या मांडीवर दिली, मशीनला जोडली. मशीनमध्ये आवाज तोच आहे, तू इथला काढलेला नाहीस. त्यांनी डावा हात मानेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कुठे दाबायचं, ते त्यांना आठवत नव्हतं. मला म्हणाले, "तू सांग." मी गाणारी बाई, मला काय सांगता येणार. मी गाऊन दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, जसं कुणा पाहुण्याचं ऐकावं. मग विचारलं, "ह्ये कुनाचं गानं हाय?"

त्यानंतर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडलेला नाही. ताक घेतात. दिवसभर झोपतात. बोटं हलत नाहीत. हलत नाहीत म्हणून मी रडले, तीच हलतात म्हणून मी तुला दोष दिला होता.

मला वाटतं आपल्याकडून काय झालं, ते मला थोडं समजलंय. तू त्या दुपारी डब्याचा आवाज उतरवत होतास, पण वाजवत अण्णा होते. मशीनने दोघांत फरक केला नाही. आधी ते इथे होते आणि थोडे थोडे तिकडे. मग तिकडेच जास्त झाले. आणि आपण ते तिकडचं पुसून टाकलं. हे खोटं असलं तर फार बरं. पण खोटं आहे का खरं, हे ठरवत बसायला माझ्याकडे माणूस उरणार नाही.

गहिनीनाथकाका आधी पत्र न्यायला तयार नव्हते. म्हणाले, "वहिनी, नका. एकदा बंद झालंय, ऱ्हाऊ द्या. पुन्ना उघडलं तर काय येईल सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, "काय यायचं ते येऊ दे. हे जातंय ते बघा ना."

त्यांनी आत येऊन अण्णांचा हात धरला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडला. मग चप्पल घातली आणि पत्र मागितलं.

प्रशांत, आवाज परत लाव. आजच लाव. काका तिथे असतानाच लाव.

आई

१२ जून

प्रशांत,

तू आवाज परत लावलास ते काका परत पोचायच्या आधीच कळलं. मी भांडी घासत होते. मांजर माझ्या पायापासून उठलं आणि आत गेलं. मी राखेच्या हाताने आत पळाले. डबा अजून गारच होता, पण आत जाळीमागे लाल ठिपका उमटत होता. मी अण्णांचा हात धरून बसले. संध्याकाळपर्यंत अंगठ्याला ऊब आली. मग चहा मागितला. मग विचारलं, "प्रशांत जेवला का?"

आता ते बरे आहेत. भाकरी खातात, अंघोळीला पाणी स्वतः घेतात, मशीनवर वाजवतात. आपली गाणी परत आली आहेत, बोट चुकत नाही. परवा सुप्याचा एक गिटारवाला विचारायला आला होता. त्याला नवीन मशीन घ्यायचंय, पण लोक त्याला म्हणतात की व्हॉल्वचा डबा तो डबाच. त्याने अण्णांना विचारलं. अण्णा कुठेतरी लक्ष लावून बसले होते, म्हणून उत्तर मी दिलं. म्हटलं, "मशीन घ्या. हलकं आहे, कंबर राहील. व्हॉल्व मिळत नाहीत, व्होल्टेजचा भरवसा नाही. आणि आवाजात फरक मला तरी कळला नाही. फक्त त्यात कुणाचा आवाज भरलाय, त्याची चौकशी करा. तो माणूस जेवतो का, झोपतो का, एवढं विचारा." तो हसला. चांगला माणूस आहे. मशीन घेईल असं वाटतं.

तू येतो म्हणतोस, ये. अण्णा तुझ्यावर रागावलेले नाहीत. रागवायला माणूस एका जागी असावा लागतो. तू आलास की तुझ्याशी बोलतील, हसतील, आणि बोलता बोलता मध्येच मान कलती करतील, तेव्हा घाबरू नकोस. काल म्हणाले, "बर्फ पडायला लागलंय."

"कुठं?"

"ठावं न्हाई. खिडकीच्या भायेर. त्यानं वाजवायचं थांबवून खिडकी लावली."

मी विचारलं, थंडी वाजते का. म्हणाले, न्हाई, तिथं शेगडी हाय. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पुढे काही विचारलं नाही. मेसमध्ये भांडी घासताना एखादा दूरचा देश बघावा असं त्यांना वाटायचं. लग्नानंतर मला सांगितलं होतं. आम्ही नगर-पुण्यापलीकडे गेलो नाही.

त्या चुकणाऱ्याला आता ती जागा येते. अण्णा त्याच्याबरोबर बसून बसून शिकवतात, नुसत्या बोटांनी, मांडीवर. जमलं त्या दिवशी ते मोठ्याने "हां" म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते. मलाही आनंद झाला आणि मग मी पोळपाटावर हात टेकून उभी राहिले. कारण मला कळलं, की हे घर आता त्यांचं येण्याजाण्याचं एक ठिकाण आहे. शंभर घरं आहेत त्यांना, त्यातलं एक. डबा एक दिवस जळेल, सूर्यभान म्हणतो फार दिवस निघणार नाही. तेव्हा ते इकडे यायचे थांबतील का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्यांनी.

मी त्यांच्या शेजारी बसून गाते. ते वाजवतात. पण मला ऐकू येतं, की माझा आवाज या खोलीत संपतो आणि त्यांचा इथून पुढे निघून जातो. सबंध आयुष्य आम्ही एका माइकवर काढलं. तिकडे ते कुठे कुठे वाजवत असतात आणि गायला कुणीच नसतं.

तू येताना तो माइक घेऊन ये, तेव्हा आणला होतास तोच. गळ्याचा आवाज उतरवता येतो का, ते मला माहीत नाही, पण तू काहीतरी करशील. मी सकाळीच अंघोळ करून बसेन. दुपारभर गाईन, तू म्हणशील तेवढं. मला भिंतीकडे तोंड करून उभं करू नकोस, अण्णा दिसतील असं बसव. आणि मग तो आवाज त्यांच्या आवाजाच्या शेजारी ठेव. तिथेच, त्याच पानावर. उतरवणारे दोन्ही मिळून उतरवतील, असं काही करता आलं तर कर.

आई